लेकीच्या बाळंतपणाला विमानाने बसऱ्यास

विमानात बसलेली बाई अशी नाशकात आता माझी ओळख झाली आहे. भाजी घ्यायला गेले तरी बायका थांबवून विचारतात, वर गेल्यावर कान दुखतात का, खालची माणसे दिसतात का, आणि जीव घाबरला तर मध्येच उतरता येते का. एकेकीला उभ्याने सांगून माझा घसा बसला. म्हणून एकदा सगळे कागदावर उतरवते. ज्यांना विमानाची हौस आहे त्यांनी विमानापुरते वाचावे. मला स्वतःला त्यातली माणसे अधिक आठवतात.

माझी धाकटी कुसुम लग्न होऊन इराकात बसऱ्याला गेली. जावई वसंतराव तिथल्या बंदराच्या कचेरीत नोकरीला आहेत. पहिल्या खेपेला ती बाळंतपणासाठी माझ्याकडे आली होती. डॉक्टरीणबाई होत्या, हाताशी जाणती सुईण होती, तरी मूल हाती लागले नाही. या खेपेला सातव्या महिन्यात तिला आणायचे ठरले होते, पण तिला ताप येऊ लागला आणि तिथल्या डॉक्टरने बोटीचा प्रवास बंद केला. मग पौषात एके दुपारी वसंतरावांची तार आली. दिवस भरण्याआधीच सुटका होईल असे डॉक्टर म्हणतात, कुसुम फार अशक्त आहे, तिला आई हवी आहे, एवढेच तीत होते.

ह्यांनी मुलांचा शाळेतला नकाशा काढला आणि कराचीपासून बसऱ्यापर्यंत दोरा ताणून धरला.

"चौदाशे मैलांच्या आसपास भरतंय," हे म्हणाले. "बोट वाटेतली बंदरं घेत घेत जाते. आठवडा तर सहज मोडेल."

"आणि विमान?"

"विमान दुसऱ्या दिवशी पोचतं." हे नकाशाची घडी घालू लागले. "पण ते आपल्यासारख्यांचं काम नव्हे."

"मग कोणाचं?" मी म्हटले. "लेक आपली आहे ना?"

हे संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, फेरी मारायला गेले आणि तिथूनच तारऑफिसात जाऊन विमानातल्या दोन जागांसाठी कराचीला तार करून आले.

कराची

मुंबईहून बोटीने आम्ही कराचीला उतरलो. बोटीत मला जे झाले ते सांगण्यासारखे नाही. कराचीला कळले की टपालाच्या थैल्या फार असल्यामुळे विमानात एकच जागा मिळेल. पुढचे विमान चार दिवसांनी. ह्यांचा चेहरा उतरला. मी आयुष्यात नाशिक रोडहून मनमाडलासुद्धा एकटी गेलेली नव्हते. पण त्या क्षणी मला भीती वाटली नाही. ती पुष्कळ नंतर, विमान जमिनीवरून उचलल्यावर वाटली.

विमानतळ म्हणजे शहराबाहेरचे मोठे मैदान. तिथे सामानाबरोबर माणसालाही काट्यावर उभे करतात. चारचौघांत, परक्या पुरुषांसमोर, पदर सावरून काट्यावर उभे राहायचे आणि साहेबाने आपले वजन मोठ्याने वाचायचे! मी डोळे मिटून घेतले. वजन जास्त झाले होते. पिशवीत डिंकाचे लाडू, खारीक, बाळंतशोपा, ओवा, बाळंतकाढ्याचे पुडे, आणि बाळासाठी धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांची दुपटी. साहेबाने खुणेने सांगितले, काहीतरी काढा.

हे म्हणाले, "लाडू काढू या. तिकडे खारीक काय कमी आहे?"

मी माझी दोन लुगडी आणि गरम शाल काढून ह्यांच्या हातात दिली. लाडू होते तिथेच राहिले. साहेब हसला.

तेवढ्यात मागून कोणी म्हणाले, "ताई, तुम्ही नाशिककडना शेतस का?"

कराचीच्या त्या मैदानावर नाशिककडच्या आहात का असे विचारणारी अहिराणी! माझे माहेर देवळ्याचे, वडिलांची कांद्याची शेती, त्यामुळे ही बोली माझ्या कानांत लहानपणापासून आहे. वळून पाहिले तर पांढऱ्या दाढीचे, काळी टोपी घातलेले एक मुसलमान गृहस्थ. नाव इब्राहिमभाई, राहणार नामपूर. मालेगावच्या मागावरच्या लुंग्या बहारीनला नेऊन विकायचा त्यांचा वर्षानुवर्षांचा व्यापार. "बोटीचे जिने आता गुडघ्यांना नकोत," ते म्हणाले, "म्हणून यंदा दुसऱ्यांदा हे उडतं बघतोय."

ह्यांनी त्यांचे हात धरले. "एकटीच चालली आहे हो. पहिल्यांदाच."

"बहारीनपर्यंत मी शे," इब्राहिमभाई म्हणाले. "मंग पुढे देव शे. घाबरू नका, सम्दं चांगलं व्हई."

हे मैदानाच्या कडेला माझी शाल छातीशी धरून उभे होते. विमान धावू लागले तेव्हा मला ते खिडकीतून दिसले; मग एकाएकी ते खाली गेले. आपण वर गेलो हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

वाळू आणि समुद्र

विमान आतून आगगाडीच्या वरच्या वर्गाच्या डब्यासारखे असते. खुर्च्या, पडदे, खिडक्या. बाहेर चार यंत्रे घरघरतात आणि बोलायचे तर ओरडावे लागते. प्रवासी आम्ही थोडेच होतो, बाकी सगळे साहेबलोक, आणि बाई मी एकटी. एक साहेब सारखा कागदी पिशवी तोंडाशी धरून बसला होता. बोटीत माझी जी अवस्था झाली ती इथे त्याची झाली, हे पाहून मला जरा बरे वाटले, हे कबूल करते.

खाली डाव्या बाजूला निळा समुद्र आणि उजवीकडे मकराणचे डोंगर. आमच्या चांदवडकडचे डोंगर उन्हाळ्यात दिसतात त्याहूनही उघडे, झाड म्हणून नाही. पाण्यात आमच्याच विमानाची सावली पळत होती. नोकराने थंड मांस आणि अंडी आणली. मी पदराखालून दशमी आणि लसणीची चटणी काढली. इब्राहिमभाईंनी आपला डबा उघडला तर त्यातही भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आम्ही एकमेकांच्या पानात वाढले. चौदाशे मैलांच्या या वाटेवर मी कोणाबरोबर पहिला घास खाईन याचा नाशकातून निघताना मला काय अंदाज होता? माझ्या माहेरी असे कोणी पाहिले असते तर चार दिवस चर्चा झाली असती. वर आकाशात तसे काही मनात आले नाही.

ग्वादरला उतरून तेल भरले. मग पुन्हा समुद्र. संध्याकाळी उतरलो ते शारजा. पूर्वी विमाने इराणच्या किनाऱ्याने जात, आता अलीकडे या अरबस्तानच्या बाजूने जातात. शारजात वाळूत एकटाच एक किल्ला बांधला आहे, प्रवाशांना मुक्कामासाठी. भोवती काटेरी तार, आणि दारावर बंदुका घेतलेले अरब पहारेकरी. मला वाटले होते, रात्र काढायची आणि उजाडताच निघायचे. उद्या दुपारी कुसुमच्या उशाशी.

शारजातला दिवस

सकाळी दार उघडले तर बाहेर काही नव्हतेच. समुद्र नाही, तळ नाही, दहा पावलांवरचा पहारेकरी नाही. पिवळसर धुरळा, आणि वाऱ्याचा एकसारखा आवाज. दातांत वाळू, चहात वाळू, केसांच्या मुळांशी वाळू.

वैमानिक साहेब उंच, तरुण, मोडके हिंदुस्थानी बोलणारा. तो स्वतः येऊन म्हणाला, "मेमसाब, आज नहीं. हवा बहुत खराब."

"माझी मुलगी..." मी मराठीतच सुरू केले. इब्राहिमभाईंनी पुढचे सांगितले. साहेबाने टोपी काढली आणि म्हणाला की उशीर होईल ही खबर तो बिनतारी यंत्राने बसऱ्याला कळवील. आणखी त्याच्या हातात काही नव्हते.

दोन दिवसांची वाट. त्यातला एक दिवस असा वाळूत बसून जायचा. बोटीने निघालेले असते तर निदान पुढे सरकत तरी असते, असले वेडे विचार मनात येऊ लागले. मी खोलीतल्या खाटेवर बसून राहिले. दुपारी इब्राहिमभाईंनी दार वाजवले.

"इथल्या पहारेकऱ्यांच्या नाईकाचं घर किल्ल्याला लागूनच आहे," ते म्हणाले. "त्याची आई म्हणते, परदेशातली बाई एकटी काय बसली आहे, तिला आमच्याकडे पाठवा. मी बाहेर ओट्यावर बसेन. तुम्ही आत बोला, मला अरबी येते, मी बाहेरून सांगेन."

तोंडावर पदर घेऊन, भिंतीच्या आडोशाने आम्ही गेलो. आत तीन बायका होत्या. म्हातारी सासू, आणि दोन सुना. तोंडावर कापडाचे काळे, करकरीत मुखवटे, नाकावर उभी पट्टी. मी क्षणभर बिचकले. मग दार लागताच धाकटीने मुखवटा काढला तर आत विशीतली गोल चेहऱ्याची पोरगी, आणि नाकात चमकी. हातावर मेंदी आपल्यासारखीच. मला त्यांनी चटईवर बसवले, खजूर पुढे ठेवले आणि वाटाण्याएवढ्या कपात कडू कॉफी दिली. वेलदोड्याचा वास. कप रिकामा झाला की लगेच भरायचा. पुरे म्हणायचे तर कप हलवून दाखवायचा असतो हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे मी पाच-सहा कप प्याले.

म्हातारीने माझ्या कपाळाच्या कुंकवाकडे बोट केले. रक्त आहे का, असे तिने विचारल्याचे बाहेरून इब्राहिमभाईंनी सांगितले. नवरा जिवंत आहे त्याची खूण, मी म्हटले. म्हातारीने स्वतःच्या कपाळाला हात लावला आणि मान हलवली. मोती काढायला गेलेला तिचा नवरा समुद्रातच राहिला होता.

मग मी कुठे निघाले ते तिने विचारले. मी हातांनी पोट दाखवले, मग पाळणा. तिघीही एकदम पुढे सरकल्या.

म्हातारी काही बोलली. इब्राहिमभाईंचा आवाज आला, "ती विचारते, मुलीजवळ कोण आहे?"

"तिचा नवरा आहे," मी म्हटले.

म्हातारीने हात उडवला. सुना हसल्या. बाहेर इब्राहिमभाई जरा घुटमळले आणि म्हणाले, "ती म्हणते, तो असून नसून सारखाच. बाई कोण आहे?"

कुसुमच्या पत्रांत शेजाऱ्यांचा उल्लेख असायचा, पण मी त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. परक्या मुलखातल्या परक्या बायका, त्यांचे काय वाचायचे? घरून निघाल्यापासून मी रडले नव्हते. ह्यांच्यासमोर नाही, विमानात नाही. तिथे, त्या चटईवर, मला हुंदका आवरेना. म्हातारीने माझे डोके आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि पुटपुटत केसांवरून हात फिरवत राहिली. तिच्या ओढणीला तूप आणि धूप असा मिश्र वास होता. ती काय म्हणत होती ते इब्राहिमभाईंनी सांगितले नाही, मी विचारलेही नाही.

निघताना मी पिशवीतले चार लाडू त्यांना दिले. धाकटीने तिथेच एक फोडून चाखला आणि डिंकाचा खडा दातांत अडकल्यावर तोंड धरून हसत सुटली.

बहारीन आणि पुढे

पहाटे वारा पडला आणि उजाडता उजाडता आम्ही उडालो. बहारीनला इब्राहिमभाई उतरले. तिथे त्यांनी वैमानिक साहेबाला बाजूला घेतले आणि बराच वेळ बोटे दाखवून काही समजावले. मग माझ्याकडे आले.

"साहेबाला सांगितलं आहे, जावई दिसेपर्यंत तुम्हाला सोडायचं नाही," ते म्हणाले. "परत गेलात की नामपूरला निरोप पाठवा, नात झाली का नातू."

"तुम्ही येईपर्यंत नामपूरला कोण असणार?"

"माझी म्हातारी शे ना. तिले सांगा. ती वाट पाही."

मी वाकून नमस्कार केला. ते संकोचून मागे सरकले आणि मग डोक्यावर हात ठेवला.

बसऱ्याला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. तळावर वसंतराव नव्हते. एकेक प्रवासी आपापल्या माणसांबरोबर गेला. मी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले. जावई येत नाही याचा अर्थ काय असेल, हे मनाशी बोलायचेही धाडस होईना. वैमानिक साहेब कपडे न बदलता, तसाच तेलकट हातांनी माझ्या शेजारी उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने मोटार मिळवली, वसंतरावांचा पत्ता माझ्याकडून घेऊन ड्रायव्हरला समजावला, आणि स्वतः पुढच्या जागेवर येऊन बसला. इतका दमलेला माणूस, त्याला काय गरज होती? वाटभर दोन्ही बाजूंना खजुराची बने आणि मध्ये पाण्याचे पाट. आमच्या गंगाकाठच्या मळ्यांची आठवण व्हावी असे पाट. पण माझे लक्ष नव्हते.

बसरा

दारात वसंतराव उभे होते, दाढी वाढलेली, डोळे लाल. मला बघताच म्हणाले, "आई, मुलगी झाली. काल संध्याकाळी."

"कुसुम?"

"आत आहे. बरी आहे. मला घर सोडवेना, म्हणून तळावर आलो नाही."

मी साहेबाचे आभार मानायला वळले तर मोटार निघून गेली होती. ते राहिले ते राहिलेच.

आत कुसुम भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पांढरीफटक, पण श्वास शांत. तिच्या शेजारी जमिनीवर एक जाडजूड बाई काळ्या झग्यात बसली होती. तिच्या उघड्या छातीशी कापसात गुंडाळलेले काहीतरी होते. मी वाकले तेव्हा दिसले, मुठीएवढे तोंड. बाळ इतके लहान होते की पाळण्यात ते थंड पडत होते. म्हणून कालपासून त्या बाईने त्याला आपल्या अंगाशी धरून ठेवले होते. दूध पाजायला कुसुमकडे द्यायचे, पुन्हा अंगाशी घ्यायचे. ती झोपली नव्हती, जेवलीही बसल्या जागीच होती.

ही उम्म सालेह, शेजारीण. उम्म सालेह म्हणजे सालेहची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आपण बंडूची आई म्हणतो तसे. तिचे स्वतःचे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही.

कुसुम जागी झाली. तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "आई, कळा यायला लागल्या तेव्हा मी तुला हाका मारत होते. हिला वाटलं, मी हिलाच बोलावते आहे. प्रत्येक हाकेला ही ओ देत होती. पहिल्यांदा मला राग आला. नंतर मी हिलाच हाक मारायला लागले."

सगळी धडपड करून, आकाशातून येऊन, मी एक दिवस उशिरा पोचले होते. पण माझ्या लेकीच्या हाकेला ओ मिळाली होती. त्या क्षणी मला वाईट वाटले की बरे, हे आजही नीट सांगता येत नाही. मी उम्म सालेहसमोर बसले आणि तिच्या पायांवर डोके ठेवले. ती दचकून "ला, ला", नको नको, म्हणू लागली, पण छातीशी बाळ असल्यामुळे तिला उठता येईना.

पुढचे दिवस आम्ही दोघींनी मिळून काढले. भांडणेही झाली. मला बाळाला तेल लावून शेकायचे होते. तिच्या मते त्याला कापडाच्या पट्ट्यांनी गाठोड्यासारखे घट्ट बांधायला हवे. तिने बांधायचे, मी सोडायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, वजन वाढेपर्यंत दोन्ही नको, कापूसच राहू द्या, तेव्हा आम्ही दोघी मिळून डॉक्टरवर रागावलो. बाळंतिणीला ती खजुराच्या काकवीत मेथी शिजवून देई. मी मेथीचे लाडू केले. मेथी दोन्हीकडे एकच, हे पाहून ती इतकी खूश झाली की वाटीभर मेथी घेऊन सगळ्या शेजारणींना दाखवून आली.

सव्वा महिना झाला तेव्हा बाळाने बाळसे धरले होते. मी उम्म सालेहची ओटी भरली. नारळ मिळाला नाही, म्हणून तांदळावर खजुराचा घोस ठेवला. तिने ओटीचा अर्थ कुसुमला विचारून घेतला आणि तो घोस घरी नेऊन दाराच्या वर टांगला.

फाल्गुनात मी निघाले, बोटीने. आता घाई नव्हती. कुसुमला आणि बाळाला प्रवास सोसेल असे डॉक्टरांना अजून वाटत नव्हते. ती पावसाळ्यानंतर येणार. नदीच्या धक्क्यावर वसंतराव, कुसुम आणि बाळाला घेऊन उम्म सालेह पोचवायला आल्या. मी बाळाची दृष्ट काढली, कुसुमला जवळ घेतले आणि उम्म सालेहला म्हटले, "येते."

एवढ्या दिवसांत ती आपले दहा-बारा शब्द शिकली होती. ती गोंधळली. कुसुमला अरबीत म्हणाली, ही तर चालली आहे, मग येते का म्हणते? कुसुमने तिला सांगितले की आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत, आणि पोचवणाऱ्यानेही जा म्हणू नये.

"मग काय म्हणायचं?"

"ये म्हणायचं."

बोट सुटली. मधले पाणी वाढत गेले, कुसुमचा रुमाल लहान होत गेला. खजुराच्या बनाआड धक्का जाईपर्यंत ती काळ्या झग्यातली बाई बाळाचा हात वर धरून उभी होती आणि एकसारखी ओरडत होती, "आई, ये. ये. ये."